नाद आणि कळ

दिवाळीच्या अंकात दातदुखीचा विषय काढणे शुभ नव्हे, हे मला कळते. पण फराळाच्या ताटातली एखादी चकली अशी निबर निघते की विषय आपोआपच निघतो, आणि मग ऐन पाडव्याच्या दिवशी दवाखाना उघडा ठेवणारा दंतवैद्य शोधत घरातली मंडळी गावभर हिंडतात. तेव्हा वाचकांनी रागावू नये. मला आज जी हकीकत सांगायची आहे तिची सुरुवात दातापासून होते. पुढे मात्र ती पार मेंदूच्या गाभ्यापर्यंत जाते.

युरोपात पूर्वी दात उपटणारे फिरते वैदू जत्रांतून बसत. उंच फळीवर रोगी, भोवती बघ्यांची गर्दी, आणि शेजारी ढोल-तुताऱ्या घेतलेली माणसे. वैदूने चिमटा लावला की ढोल कडाडायचे. रोग्याची किंकाळी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कानी पडू नये हा त्यातला व्यापारी हेतू उघडच आहे. पण त्या गदारोळात खुद्द रोग्याचे दुखणेही थोडेफार बुडत असेल काय? ढोलवाल्यांनी त्याचा विचार केला असेल असे वाटत नाही. शास्त्रज्ञांनी तो प्रश्न गंभीरपणे हाती घ्यायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात इव्हान ओ'नील केन नावाचा एक शस्त्रवैद्य होऊन गेला. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याने ग्रामोफोन आणून ठेवला आणि १९१४ साली अमेरिकेच्या वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात तसे जाहीर लिहिले. भूल देईपर्यंतचा जो भयंकर वेळ असतो त्यात रोग्याचे मन तबकडीत गुंतते, असे त्याचे म्हणणे. हा गृहस्थ मोठा विलक्षण होता. केवळ जागा बधिर करून पोट उघडता येते हे दाखवण्यासाठी १९२१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्याने स्वतःचे आंत्रपुच्छ स्वतःच्या हाताने कापून काढले. त्या वेळी ग्रामोफोन चालू होता की नाही, हा प्रश्न मला उगाच छळतो.

पण केनचा ग्रामोफोन मन रमवण्यापुरता होता. नादाने वेदना खरोखरच दाबली जाते, असा दावा १९५९ आणि १९६० साली केला तो बॉस्टनच्या परिसरातील दोघांनी. एक वॉलेस गार्डनर, दंतवैद्य; आणि दुसरे जे. सी. आर. लिकलायडर, श्रवणशास्त्राचे अभ्यासक. (हेच लिकलायडर १९६२ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन विभागात गेले आणि देशभरचे संगणक एकमेकांना जोडावेत ही कल्पना त्यांनी तिथे रुजवली. आज घरोघर आलेल्या इंटरनेटच्या वंशावळीत त्यांचे नाव मूळपुरुषांत घेतात. म्हणजे दातदुखी ही त्यांची किरकोळ कामगिरी!)

त्यांची युक्ती अशी. खुर्चीत बसलेल्या रोग्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा आणि हातात एक लहानशी पेटी द्यायची. पेटीतून दोन प्रकारचा आवाज येई. एक संगीत, दुसरा धबधब्यासारखा अखंड घोंघाव. दंतवैद्य तयारी करीत असेल तोवर रोग्याने संगीत ऐकावे, आणि ड्रिल दाताला लागून कळ येईलसे वाटले की घोंघावाचे बटण फिरवावे. जितकी कळ मोठी तितका आवाज मोठा. आपल्या भाषेत यंत्र चालवण्याच्या बटणालाही कळच म्हणतात. ही जोडी त्या अमेरिकनांना ठाऊक असती तर त्यांनी पेटीला नाव द्यायला फार डोके खाजवले नसते. सुमारे ५००० दंतक्रियांत ही पेटी वापरली गेली आणि दहांपैकी नऊ वेळा दुसऱ्या कोणत्याही वेदनाशामकाची गरज पडली नाही, असे त्यांनी 'सायन्स' ह्या प्रतिष्ठित साप्ताहिकात नमूद केले. बधिर करणारी सुई नको, हसवणारा वायू नको. अमेरिकेतले दंतवैद्य ह्या यंत्रावर तुटून पडले.

कारणमीमांसा देताना लिकलायडरनी हात राखला नाही. संगीताने शरीर सैलावते. घोंघावाने ड्रिलचा अंगावर काटा आणणारा आवाज झाकला जातो. बटण आपल्या हाती आहे ह्या जाणिवेने धीर येतो. आणि शिवाय, कानांकडून येणारे मज्जामार्ग व वेदनेचे मज्जामार्ग मेंदूच्या तळाशी एकमेकांच्या शेजारून जात असल्यामुळे एकाचा लोंढा दुसऱ्याला थोपवून धरतो. ह्यातले शेवटचे कारण खरे ठरले असते तर वैद्यकाचा एक मोठा अध्याय नव्याने लिहावा लागला असता.

तसे झाले नाही. काही दवाखान्यांत पेटी जादूसारखी चाले, तर शेजारच्याच दवाखान्यात तीच पेटी निकामी ठरे. पेटी तीच, घोंघाव तोच; मग फरक कुठला? ह्या कोड्यात रोनाल्ड मेल्झॅक ह्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने लक्ष घातले. दोन सहकाऱ्यांसह १९६३ साली त्याने प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कोणत्याही शाळेत समजावून सांगता येईल इतका साधा आहे. बर्फाच्या पाण्यात हात बुडवला की पहिल्या मिनिटातच तो ठणकू लागतो. माणूस किती वेळ हात आत ठेवू शकतो, एवढेच मोजायचे. मेल्झॅकने माणसांचे तीन गट केले. पहिल्या गटाला मोठा आवाज ऐकवला आणि ह्याने दुखणे कमी होते असे ठासून सांगितले. दुसऱ्याला आवाज ऐकवला, पण आश्वासन दिले नाही. तिसऱ्याला आश्वासन भरपूर दिले, पण कानांत नुसती एक क्षुल्लक गुणगुण सोडली. पहिल्या गटाने हात बराच अधिक वेळ आत ठेवला. बाकीच्या दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

नुसता नाद निकामी, नुसता शब्द निकामी. दोन्ही मिळून मात्र काहीतरी घडते. दवाखान्यादवाखान्यांतला फरक कुठून येत होता ते ह्यावरून उमगले. ज्या दंतवैद्याचा पेटीवर विश्वास होता तो रोग्याशी तसे बोलत होता. दुसरा नुसता हेडफोन चढवून मोकळा होत होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ साली, मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोघांनी वेदनेविषयीचा आपला सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एक दार आहे. अंगावरून येणारी वेदनेची वर्दी त्या दारातूनच वर जाते, आणि ते दार कमी-अधिक लोटता येते. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, कारण चोळण्याची संवेदना दार थोडे पुढे लोटते. आणि महत्त्वाचे म्हणजे, दार लोटण्याचा हुकूम वरून, मेंदूकडूनही येऊ शकतो. रणांगणावरचा जखमी शिपाई तासभर दुखण्याची तक्रार करीत नाही आणि तोच शिपाई इस्पितळात सुई टोचताच ओरडतो, हे ह्या सिद्धांताने उलगडू लागले. त्यातील मज्जातंतूंच्या जोडण्यांचा तपशील पुढे बराच दुरुस्त झाला, पण दार राहिले.

आता वरून हुकूम येतो तर मेंदूचा त्या वेळचा मनोव्यापार बाहेरून कळतो काय? इथे थोडे मागे जाऊन जर्मनीतील येना गावी डोकावले पाहिजे. हान्स बर्गर हा तिथला मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी सरावात तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला अकारण धास्ती वाटली आणि तिच्या सांगण्यावरून वडिलांनी तार केली. एका मनातून दुसऱ्या मनात काही शक्ती जाते, ती मोजून काढायची, ह्या ध्यासाने तो मेंदूकडे वळला. ती शक्ती त्याला कधी सापडली नाही. पण शोधताना भलतेच घबाड हाती लागले. प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्प्रवाह असतो हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ सालीच दाखवले होते. बर्गरने १९२४ साली जिवंत माणसाच्या डोक्यावरून तो टिपला. हा घुमा मनुष्य पाच वर्षे गप्प बसला आणि १९२९ साली त्याने तो जाहीर केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाचा मेंदू सेकंदाला सुमारे दहा लहरी सोडतो. ह्यांना त्याने अल्फा म्हटले. डोळे उघडले, किंवा मनातल्या मनात एखादे गणित सोडवायला घेतले, की त्या लहरी मावळतात.

लोकांचा विश्वास बसेना. ज्या अवयवात इतके कोट्यवधी तंतू, त्याने घड्याळासारखे एका ठेक्यात डोलावे? पण १९३४ साली केंब्रिजच्या (हे इंग्लंडमधले केंब्रिज) एडगर एड्रियन ह्या नोबेल पारितोषिकविजेत्याने मॅथ्यूज ह्या सहकाऱ्यासह स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग करून बर्गरचे म्हणणे खरे ठरवले. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: डोळ्यांपुढे ठरावीक वेगाने प्रकाश उघडझाप करू लागला की मेंदूच्या लहरी त्या ठेक्याला जाऊन मिळतात. बाहेरच्या तालावर आतला ताल धरता येतो, ही कल्पना तिथून निघाली. बर्गरची अखेर मात्र दुःखद झाली. १९४१ साली त्याने आत्महत्या केली. लोकांना सक्तीने वांझ करण्याचे निकाल देणाऱ्या नाझी राजवटीच्या 'आनुवंशिक आरोग्य' न्यायालयात तो बसला होता, हेही त्याच्या चरित्रातून खोडता येत नाही.

ह्या लहरींचा आणि वेदनेचा संबंध आपल्याच देशात एका चमत्कारिक रीतीने पुढे आला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग ह्यांनी योगी मंडळींच्या डोक्याला तारा जोडून १९६१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ध्यानस्थ योग्यांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला, कानांशी दणका दिला, गरम काचनळीचा स्पर्श केला, तरी अल्फा लहरी ढळल्या नाहीत. दोघा योग्यांनी तर ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात हात पाऊण तासाहून अधिक वेळ ठेवला आणि त्यांच्या अल्फा लहरी तशाच संथ वाहत राहिल्या. मेल्झॅकच्या बर्फाच्या पाण्याची इथे आठवण होते. एकाला तिथे बाहेरून आवाज द्यावा लागला. दुसऱ्याने बाहेरचा आवाजच आत येऊ दिला नाही. पाहिलेली माणसे अगदी थोडी होती, आणि त्यांची वर्षानुवर्षांची साधना यंत्रात मोजली गेलेली नव्हती, एवढे लक्षात ठेवून हा प्रयोग वाचावा. ज्यांना त्यावर योगाची जाहिरात उभारायची असेल त्यांनी खुशाल उभारावी. त्या तिघा संशोधकांनी उभारली नव्हती.

मला ह्या सगळ्यात रस उत्पन्न झाला तो आमच्या अक्कामुळे. अक्का माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी तिला नागीण झाली. फोड गेले, खपल्या गेल्या, पण बरगडीखालची आग काही गेली नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्याने काम भागते. मागल्या वर्षी तिच्या नातवाने मोबाइलवर एक ध्वनी शोधून दिला. खाली लिहिले होते, दहा हर्ट्‌झ, वेदनामुक्ती. अक्काने इअरफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "अरे, तू जन्मभर विज्ञान शिकवलंस ना? मग सांग, ह्या भुणभुणण्यात काही तथ्य आहे का?"

मी ऐकले. एक संथ भुणभुण आणि तिच्यात सारखी येणारी थरथर. एका कानातला इअरफोन काढला, तर थरथर गायब! दुसराही तसाच काढून पाहिला. एकटा कोणताही कान नुसता सपाट सूर ऐकत होता. थरथर मोबाइलमध्ये नव्हतीच. ती माझ्या डोक्यात होत होती.

तंबोरा जुळवणाऱ्याला हे अर्धे तरी समजेल. जोडीच्या दोन तारा किंचित कमीजास्त असल्या की सूर हेलकावे खातो, आणि तारा जुळत आल्या की हेलकावा लांबत लांबत विरतो. शाळेच्या पुस्तकात ह्या हेलकाव्यांना विस्पंद म्हणतात. पण तंबोऱ्याचे विस्पंद हवेतच घडतात. एका कानात बोट घातले तरी ऐकू येतात. बर्लिनच्या हाइनरिख डोव्ह ह्या पदार्थशास्त्रज्ञाला १८३९ च्या सुमारास असे आढळले की किंचित भिन्न स्वरांचे दोन नादकाटे एकेका कानापाशी वेगवेगळे धरले तरीही विस्पंद ऐकू येतात. दोन नाद हवेत भेटलेच नाहीत. भेटले ते दोन्ही कानांचे मार्ग जिथे मिळतात त्या मेंदूच्या देठाशी. डोव्हची ख्याती वारे आणि वादळे ह्यांच्या अभ्यासासाठी. हा शोध म्हणजे त्याच्या उद्योगाची शिल्लक बाजू. अमेरिकेतील जेराल्ड ऑस्टर ह्यांनी १९७३ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला आणि दीडशे वर्षांच्या आतबाहेर पडून राहिलेली ही चीज पुन्हा उजेडात आली.

तिथून पुढे बाजार सुरू झाला. हिशेब मोठा मोहक होता. अल्फा लहरी सेकंदाला दहा. मग एका कानात २०० आणि दुसऱ्या कानात २१० कंपनांचा सूर सोडा, फरक दहाचा. मेंदू दहाचा ताल धरील, चित्त स्वस्थ होईल, दुखणे पळेल. ध्वनिफिती निघाल्या, तबकड्या निघाल्या, आता मोबाइलवर फुकट मिळते. हा हिशेब प्रत्यक्षात कितपत उतरतो? मेंदू खरोखर असा ताल धरतो की नाही, हे तपासणारे १४ अभ्यास २०२३ साली एकत्र तपासून पाहिले गेले. पाचांत होय, आठांत नाही, एकात अर्धवट. जाहिरातदारांना हा निकाल छापायला सांगून पाहावे.

मेल्झॅकही ह्या लहरींच्या मागे गेला होता. त्याने कॅम्पबेल पेरी ह्यांच्यासह दीर्घ दुखण्याच्या रोग्यांना अल्फा लहरी वाढवण्याची शिकवण दिली आणि दुसरीकडे संमोहनाचीही. १९७५ साली निष्कर्ष आला: नुसत्या अल्फाने वेदना हटल्या नाहीत, अल्फा आणि संमोहनाचे शिक्षण एकत्र केल्यावर बऱ्याच जणांना उतार पडला. पुन्हा तीच जोडगोळी! बारा वर्षांपूर्वीचा घोंघाव आणि आश्वासन ह्यांचीच नवी आवृत्ती.

तरीही विषय मिटला नाही. मँचेस्टर विद्यापीठातील वेदना-संशोधकांना असे दिसत होते की औषध म्हणून नुसती साखर दिली आणि माणसाला त्याने बरे वाटू लागले, तर वेदनेच्या आधीच त्याच्या अल्फा लहरी वाढतात. म्हणजे भरवसा आणि अल्फा ह्यांचे काही नाते आहे. मग अल्फाच बाहेरून चेतवली तर? २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्फाच्या वेगाने प्रकाश दाखवला किंवा दोन्ही कानांतून विस्पंद ऐकवले, तेव्हा लेसरच्या चटक्याची वेदना माणसांना कमी भासली. ही निरोगी माणसे होती आणि चटका क्षणाचा होता. अक्काची तीन वर्षांची आग निराळी. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मला कमी वाटत नाही रे. दुखतंच. पण शेजारच्या घरात दुखतंय असं वाटतं." ह्याहून चांगले वर्णन मला एकाही शोधनिबंधात मिळालेले नाही.

इथवर मी असेच धरून चाललो होतो की नाद हे निमित्त आणि खरे काम भरवशाचे. मग २०२२ च्या जुलैत 'सायन्स'मध्येच चीनमधील हेफेईचे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधक मिळून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातील रोगी उंदीर होते. पंजा सुजलेले उंदीर. त्यांना कोणी आश्वासन दिले नव्हते, हातात पेटी दिली नव्हती. कधी त्यांना बाखची एक रचना ऐकवली, कधी तीच रचना मुद्दाम बेसूर करून, कधी नुसता घोंघाव. तिन्हींनी पंजाचे दुखणे सारखेच उतरले. सुरेल-बेसूर हा भेद उंदरांनी मुळीच केला नाही (संगीत समीक्षकांनी ह्याची नोंद घ्यावी). अट एकच निघाली: आवाज खोलीतल्या नेहमीच्या आवाजाहून अवघा ५ डेसिबलने वर हवा, कुजबुजीएवढा. मोठा केला की गुण नाहीसा. मेंदूच्या श्रवणकेंद्रातून थॅलॅमस ह्या आतल्या भागाकडे जाणारा निरोप ह्या हळू आवाजाने मंदावतो, आणि थॅलॅमस म्हणजे वेदनेच्या वर्दीचा मोठा नाका. आवाज न ऐकवता नुसता तो निरोप अडवला, तरीही दुखणे कमी झाले.

म्हणजे कानाची वाट आणि वेदनेची वाट एकमेकांना मेंदूत भेटतात, हे लिकलायडरचे धाडसी कारण उंदरापुरते तरी साफ खोटे नव्हते. फक्त भेटीची जागा निराळी निघाली, आणि प्रमाण पार उलटे. बॉस्टनचे रोगी कळ वाढली की बटण पिळून धबधबा अंगावर घेत होते. हेफेईच्या उंदरांना कुजबूज पुरली. सलग तीन दिवस ती ऐकवल्यावर तर आवाज बंद केला तरी गुण आणखी दोन दिवस टिकला.

हे वाचून झाल्यावर मी अक्काच्या मोबाइलचा आवाज बराच खाली आणून ठेवला. "आता धड ऐकूही येत नाही," अशी तिची तक्रार आहे. पण तिने तो पुन्हा वाढवलेला नाही.